मुक्तद्वार आणि त्याचा यजमान

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

आपल्याकडे मोठ्या समारंभाच्या वेळीं ‘आज मुक्तद्वार आहे’ असें सांगण्याची चाल होती. ज्याला आमंत्रण पोंचलें नाहीं, ज्याची यजमानाशीं ओळख नाहीं, ज्याच्या अंगावर धड कपडा नाहीं, तोहि त्या दिवशीं पंक्तीला बसूं शके, आणि ‘तूं कोण, कोठला?’ असें त्याला कोणी विचारीत नसे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्याला इंग्रजींत ‘ओपन अ‍ॅक्सेस’ असें म्हणतात. त्यासाठीं मला मुक्तद्वाराहून चांगला मराठी शब्द सुचला नाहीं. विद्वानांनीं लिहिलेले संशोधनपर लेख कोणालाहि विनामूल्य वाचतां यावे, अशी व्यवस्था म्हणजे ज्ञानाचें मुक्तद्वार. हें द्वार उघडण्याच्या कामीं प्रकाशक मंडळी काय करीत आहेत, आणि त्या पंगतीचा खर्च अखेर कोणाच्या माथीं पडतो, एवढ्याच दोन गोष्टी मला आज सांगावयाच्या आहेत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. संशोधन हा माझा प्रांत नव्हे. मग या विषयांत मी कां शिरलों, असें कोणी विचारील, तर त्याचें कारण घरगुती आहे. चार वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीला कंपवाताचा विकार जडला. औषध चालूं होतें, परंतु त्याचा गुण एकसारखा येत नसे. सकाळच्या गोळीनें हात स्थिर राही, चहाची बशी हिंदकळत नसे. आणि त्याच दिवशीं दुपारीं जेवणानंतर घेतलेली तीच गोळी जणूं पाण्यांत पडे. जेवणांतील प्रथिनें आणि या औषधाचें शोषण यांचा कांहीं संबंध आहे, असें मीं एका वर्तमानपत्रांत ओझरतें वाचलें, आणि मूळ लेख पाहावा असें मनांत आलें.

माझा भाचा पुण्यास रसायनशास्त्राचा अभ्यास करतो. त्यानें संगणकावर तो लेख क्षणार्धांत शोधून काढला. पहिल्या पानावर दहा-बारा ओळींचा सारांश होता, आणि त्याखालीं किंमत होती : ३९ डॉलर व ९५ सेंट, म्हणजे आपल्या तीन हजार रुपयांहून अधिक. लेख अवघा नऊ पानांचा ! त्या संशोधनाला तेथल्या सरकारानें पैसा पुरविला होता, हेंहि त्याच पानावर प्रांजळपणें लिहिलेलें होतें.

भाचा म्हणाला, “मामा, आमच्या कॉलेजांतून हा लेख उघडतो, पण ती सोय आमच्यापुरतीच आहे.”

मीं म्हटलें, “मग तुझ्या नांवावर मीं वाचणें बरें नव्हे. दुसरा मार्ग असला तर सांग.”

“लेखकालाच पत्र लिहा ना ! त्यांचा पत्ता येथेंच दिलेला आहे.”

मीं मोडक्यातोडक्या इंग्रजींत चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांनीं सबंध लेख तर पाठविलाच, वर माझ्या पत्नीच्या प्रकृतीची चौकशीहि केली. त्या लेखाचा पुढें काय उपयोग झाला, तें मी शेवटीं सांगेन. परंतु त्या रात्रीं एका प्रश्नानें माझी झोंप उडविली. लिहिणारा फुकट द्यावयास तयार आहे; वाचणारा वाचावयास आतुर आहे; ज्या जनतेच्या पैशानें काम झालें ती जनता हरकत घेत नाहीं; मग मध्यें हा दरवाजा कोणाचा, आणि तो कां?

या दरवाजाचा इतिहास जुना आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील विद्वान आपले शोध एकमेकांस पत्रानें कळवीत. १६६५ सालच्या जानेवारींत पॅरिसमध्यें ‘जूर्नाल दे सावां’ हें नियतकालिक निघालें, आणि त्याच सालच्या मार्चमध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केलें. पत्रांतली गोष्ट आतां चारचौघांत आली. ओल्डेनबर्ग यांनीं हा उद्योग स्वतःच्या जोखमीवर चालविला, आणि त्यांतून आपल्याला चार पैसे मिळावे अशी त्यांची आशाहि होती. तेव्हां विद्या आणि व्यवहार यांची गांठ या क्षेत्रांत पहिल्या दिवसापासूनच पडलेली आहे, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कागद फुकट येत नाहीं, आणि छापखानाहि फुकट चालत नाहीं.

आजहि प्रकाशकाला काम पुष्कळ असतें. आलेला लेख त्या विषयाच्या जाणत्या परीक्षकांकडे पाठवावयाचा, त्यांच्यामागें लकडा लावावयाचा, त्यांच्या शंका लेखकाला कळवावयाच्या, भाषा व आकृत्या नीट करून घ्यावयाच्या, लेखाची जुळणी करावयाची, पन्नास वर्षांनींहि तो सांपडेल अशा रीतीनें जतन करावयाचा, आणि उद्यां तो खोटा ठरला तर तसें उघड जाहीर करावयाचें. हीं कामें स्वस्त नाहींत. परंतु या धंद्यांत एक विलक्षण गोष्ट अशी आहे, कीं लेखकाला लेखनाबद्दल मोबदला मिळत नाहीं, आणि परीक्षकहि बहुधा मानद असतात. म्हणजे कच्चा माल फुकट, त्याची पारखहि फुकट. आणि पक्का माल मात्र ज्यांनीं तो तयार केला त्यांच्याच ग्रंथालयांना विकत घ्यावा लागतो. शिवाय या बाजारांत स्पर्धा लंगडी असते. साखर महागली तर आपण गूळ वापरतों. परंतु ज्याला अमुक एक लेख हवा, त्याचें काम दुसऱ्या लेखानें भागत नाहीं. त्यामुळें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वर्गण्या चढत गेल्या, तेव्हां ग्रंथालयांना एकतर त्या निमूटपणें भराव्या लागल्या, नाहींतर नियतकालिकें बंद करावीं लागलीं.

मग इंटरनेट आलें, आणि एका प्रतीच्या हजार प्रती करण्याचा खर्च जवळजवळ नाहींसा झाला. १९९१ सालीं अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें पॉल गिन्स्पार्ग या पदार्थवैज्ञानिकानें एक भांडार उघडलें. त्यांत शास्त्रज्ञ आपले लेख छापून येण्यापूर्वींच ठेवीत, आणि ते कोणीहि उचलून वाचूं शके. तें भांडार ‘अर्काइव्ह’ या नांवानें आजहि चालूं आहे. पुढें फेब्रुवारी २००२ मध्यें बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला, आणि मुक्तद्वाराच्या चळवळीला नांव व रूप आलें. संशोधनपर लेख वाचण्यास, उतरवून घेण्यास व वांटण्यास कोणालाहि पैशाची वा परवानगीची आडकाठी नसावी, असा त्याचा आशय होता. आतां प्रकाशकांपुढें प्रश्न उभा राहिला. दार उघडावयाचें खरें. परंतु दाराशीं जो पैसा मिळत होता, तो यापुढें कोठून आणावयाचा? या एकाच प्रश्नाला प्रकाशकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर असें, कीं वाचकाकडून घेऊं नये, लेखकाकडून घ्यावें. लंडनच्या ‘बायोमेड सेंट्रल’ या प्रकाशनसंस्थेनें २००० सालापासून वैद्यक व जीवशास्त्र यांतील लेख सर्वांना खुले करण्यास आरंभ केला, आणि पुढें खर्चासाठीं लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धति पाडली. अमेरिकेंत ‘पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स’ या शास्त्रज्ञांनीं स्थापिलेल्या संस्थेनें ऑक्टोबर २००३ मध्यें आपलें पहिलें नियतकालिक काढलें, आणि दर लेखास १,५०० डॉलर असें शुल्क ठेवलें. हें शुल्क लेखकानें आपल्या खिशांतून न देतां त्याच्या संस्थेनें किंवा संशोधनाला अनुदान देणारानें द्यावें, अशी कल्पना होती. ती सयुक्तिक होती. जो प्रयोगशाळेचा खर्च सोसतो, त्यानें त्या प्रयोगाची वार्ता सांगण्याचाहि खर्च सोसावा, हें कोणालाहि पटण्यासारखें आहे.

या प्रयोगाकडे जुने प्रकाशक आधीं साशंक दृष्टीनें पाहत होते. परंतु तो तगला असें दिसतांच तेहि त्यांत उतरले. २००४ सालीं ‘स्प्रिंगर’ या प्रकाशनसंस्थेनें आपल्या वर्गणीच्या नियतकालिकांतच अशी सोय केली, कीं जो लेखक ३,००० डॉलर भरील त्याचा लेख सर्वांना खुला राहील, आणि बाकीचे कुलुपांत राहतील. २००८ मध्यें याच संस्थेनें बायोमेड सेंट्रल विकत घेतली. परंतु यावर लौकरच आक्षेप निघाला. ग्रंथालय त्या नियतकालिकाची वर्गणी भरतेंच, आणि लेखकहि शुल्क भरतो. म्हणजे एकाच पंगतीचे पैसे दोनदां घेतले जातात. हा आक्षेप दूर करण्यासाठीं अलीकडे वर्गणी आणि शुल्क यांचा एकच करार करण्याची वहिवाट पडली आहे. जर्मनींतील विद्यापीठांनीं व संशोधनसंस्थांनीं एकत्र येऊन २०१९ सालीं ‘वायली’ या प्रकाशकाशीं असा करार केला. त्यामुळें जर्मन विद्वानांना त्या प्रकाशकाचीं नियतकालिकें वाचावयास मिळतात, आणि त्यांनीं स्वतः लिहिलेले लेख सर्व जगाला खुले होतात.

यांत वाचकाचें हित झालें, हें मी कृतज्ञतापूर्वक मान्य करतों. पण दारावरचा द्वारपाळ गेला नाहीं. तो वाचकाच्या दारावरून उठून लेखकाच्या दारावर जाऊन बसला. ‘नेचर’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकानें २०२१ च्या जानेवारीपासून लेखकाला आपला लेख खुला करण्याची मुभा दिली, आणि तिचें शुल्क ९,५०० युरो ठेवलें. त्या वेळच्या भावानें हे आठ लाख रुपयांहून अधिक होतात. ज्या देशांतील संशोधक एवढी रक्कम देऊं शकत नाहींत त्यांना पुष्कळ प्रकाशक शुल्क माफ करतात किंवा अर्धें घेतात, हें खरें आहे. परंतु कित्येक नियतकालिकांत भारताला ही सवलत लागू होत नाहीं. कारण माणशीं उत्पन्न थोडें असलें तरी देशाचें एकूण उत्पन्न मोठें दिसतें. गांवांतला गरीब मोठ्या वाड्यांत भाड्यानें राहतो म्हणून त्याला श्रीमंत समजावें, तशांतलाच हा हिशेब आहे.

दुसरें उत्तर याहून साधें आहे. छापलेला लेख प्रकाशकानें विकावा. परंतु परीक्षकांच्या सूचनांप्रमाणें दुरुस्त केलेली लेखकाची शेवटची प्रत त्याला एखाद्या सार्वजनिक भांडारांत ठेवूं द्यावी. पुष्कळ प्रकाशक आज ही परवानगी देतात. कोणी तत्काळ, कोणी सहा महिन्यांनीं, कोणी वर्षानें. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें २००८ सालीं नियम केला, कीं आमच्या पैशानें झालेल्या संशोधनाची प्रत बारा महिन्यांच्या आंत सर्वांना खुली झाली पाहिजे. १ जुलै २०२५ पासून ही मुदतहि काढून टाकण्यांत आली आहे. आपल्या केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान या दोन खात्यांनींहि २०१४ सालीं असेंच धोरण जाहीर केलें. या रीतींत लेखकाला पैसा पडत नाहीं, आणि वाचकालाहि पडत नाहीं. पडते ती फक्त लेखकाची थोडी तसदी. आणि दुर्दैवानें तिचाच अनेकांना कंटाळा असतो.

तिसरें उत्तर म्हणजे दयेचा दरवाजा. २००२ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमानें सहा मोठ्या प्रकाशकांनीं ‘हिनारी’ ही योजना सुरू केली. तिच्यायोगें अतिशय गरीब देशांतील वैद्यकीय संस्थांना सुमारे १,५०० नियतकालिकें विनामूल्य किंवा नाममात्र दरानें मिळूं लागलीं. शेतीच्या व पर्यावरणाच्या विषयांसाठींहि पुढें तशाच योजना निघाल्या. हें काम मोलाचें आहे. तथापि अशी सोय संस्थेला मिळते, एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाहीं. आणि ती किती अपुरी पडूं शकते, याचें एक उदाहरण मला विसरतां येत नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंत लायबेरिया नांवाचा लहान देश आहे. २०१४ सालीं तेथें आणि शेजारच्या गिनी व सिएरा लिओन या देशांत इबोला तापाच्या सांथीनें थैमान घातलें. ती शमेपर्यंत तिन्ही देशांत मिळून ११,००० हून अधिक माणसें दगावलीं. हा रोग त्या भागांत पूर्वीं कधीं नव्हता, अशीच समजूत होती. परंतु १९८२ सालींच युरोपीय संशोधकांनीं एका शास्त्रीय नियतकालिकांत लिहून ठेवलें होतें, कीं लायबेरियांतील कांहीं लोकांच्या रक्तांत या संसर्गाच्या खुणा सांपडतात, सबब हा देशहि इबोलाच्या टापूंत धरावा. एप्रिल २०१५ मध्यें लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनीं दोन सहकाऱ्यांसह अमेरिकेंतील एका वर्तमानपत्रांत ही गोष्ट विषादानें प्रसिद्ध केली. अशा एका लेखाला ४५ डॉलर पडतात, आणि तो तेथल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार आहे, असें त्यांनीं लिहिलें. रक्त लायबेरियाच्या माणसांचें; त्याची वार्ता मात्र लायबेरियाच्या डॉक्टरांना ठाऊक नाहीं ! तो लेख वाचला असता तर सांथ टळली असती, असें मी म्हणत नाहीं. परंतु पहिल्या रोग्याच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेनें हातमोजे घालावे, एवढी सावधगिरी तरी सुचली असती कीं नाहीं?

हा धडा पुढें उपयोगी पडला असें म्हणावयास जागा आहे. ३१ जानेवारी २०२० रोजीं, कोविडची सांथ जगभर पसरण्यापूर्वींच, लंडनच्या ‘वेलकम’ न्यासाच्या पुढाकारानें अनेक प्रकाशक व संशोधनसंस्था यांनीं जाहीर केलें, कीं या रोगासंबंधीं जें जें छापूं तें तें, निदान सांथ चालूं असेपर्यंत, सर्वांना तत्काळ खुलें ठेवूं. मोठमोठ्या प्रकाशकांनीं या विषाणूवरचे आपले जुने लेखहि खुले केले. या वचनाला बहुतेक मंडळी जागली. तेव्हां एक गोष्ट सिद्ध झाली, कीं दार उघडणें अशक्य नव्हतें. मग मनांत येतें, कीं सांथीनें मरणाराला जें मिळतें, तें कर्करोगानें, क्षयानें किंवा कंपवातानें झिजणाराला कां मिळूं नये? दुखणें सावकाश मारतें, म्हणून कुलूप क्षम्य ठरतें काय?

आतां मी ज्या उत्तराकडे वळतों, तें माझ्या मतें सर्वांत शहाणपणाचें आहे. गणेशोत्सवांत आपण वर्गणी देतों. देणारे देतात, कांहीं देत नाहींत. परंतु मंडपांत येणाराला कोणी पावती विचारीत नाहीं. याच तत्त्वावर जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेच्या नेतृत्वाखालीं २०१४ च्या जानेवारीपासून एक योजना चालली आहे. निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयें व संशोधनसंस्था पूर्वीं वर्गणीवर जो पैसा खर्चीत, तो एकत्र करून परस्पर प्रकाशकांना देतात. आणि उच्च-ऊर्जा पदार्थविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकांतील लेख लेखकाला शुल्क न पडतां सर्व जगाला खुले होतात. ‘अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज’ ही १९३२ पासूनची, नफा न घेणारी प्रकाशनसंस्था तर याहून सोपी युक्ति वापरते. ती आपल्या जुन्या वर्गणीदारांना दर साल सांगते, कीं तुम्हीं नेहमींप्रमाणें वर्गणी भरलीत तर या वर्षींचा अंक सर्वांना खुला करूं. पुरेसे वर्गणीदार गळले तर मात्र दार पुन्हां लावावें लागेल. २०२३ सालीं या रीतीनें तिचीं सर्वच्या सर्व ५१ नियतकालिकें खुलीं झालीं.

आणि हें करावयास जिनीव्हा किंवा कॅलिफोर्नियाच पाहिजे असें नाहीं. आपल्या मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय येथील अध्यापकांच्या संस्थेनें १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें नियतकालिक चालविलें आहे. या शतकाच्या आरंभींच तें इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुलें झालें. मुंबईचेच एक बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनीं ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था काढली, आणि देशांतील अनेक वैद्यकीय परिषदांचीं नियतकालिकें त्याच रीतीनें खुलीं केलीं. छापील अंकाची वर्गणी चालूं ठेवावयाची, आणि संगणकावरचा लेख फुकट द्यावयाचा. लेखकाकडूनहि कांहीं घ्यावयाचें नाहीं. ‘फुकट दिलें तर विकत कोण घेईल?’ ही भीति त्यांनीं अनुभवानें खोटी ठरविली. लेख जगभर वाचले जाऊं लागल्यानें परदेशांतून लेखहि येऊं लागले. २०११ सालीं ही संस्था ‘वोल्टर्स क्लुवर’ या मोठ्या परदेशी प्रकाशकानें विकत घेतली. परंतु गरीब देशांतहि मुक्तद्वार चालूं शकतें, हा तिनें घालून दिलेला धडा कोणाला विकत घेतां येण्यासारखा नाहीं.

येथें मला धोक्याचीहि एक खूण दाखविली पाहिजे. ज्या प्रकाशकाचें उत्पन्न दर लेखामागें मिळणाऱ्या शुल्कावर चालतें, त्याला अधिक लेख छापण्याचा मोह होतो. १९९७ सालीं कैरो येथें स्थापन झालेली ‘हिंदावी’ ही संस्था एके काळीं मुक्तद्वाराचें भूषण मानली जाई. २०२१ सालीं वायली कंपनीनें ती २९८ दशलक्ष डॉलरांस विकत घेतली. पुढें असें उघडकीस आलें, कीं तिच्या विशेषांकांतून बनावट लेखांचे कारखाने चालविणाऱ्यांनीं आपला माल घुसविला होता. एकट्या २०२३ सालीं ८,००० हून अधिक लेख मागें घ्यावे लागले, आणि त्या कंपनीनें हिंदावी हें नांवच सोडून दिलें. पंक्तीला दार उघडें असावें. पण स्वयंपाकघरांत पारख असलीच पाहिजे. फुकट मिळणारें विष विकतच्या अन्नाहून स्वस्त ठरत नाहीं.

आपल्या देशानें अलीकडे मोठें पाऊल टाकलें आहे, त्याचाहि उल्लेख केला पाहिजे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांचीं सुमारे १३,००० नियतकालिकें. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था. आणि त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. तालुक्याच्या सरकारी कॉलेजांतला मुलगा आज दिल्ली-मुंबईच्या मुलाइतकेंच वाचूं शकेल, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु श्रोतेहो, हें मुक्तद्वार नाहीं. हा मोठा, पण चिठ्ठी पाहून सोडणारा दरवाजा आहे. खेड्यांत स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर, जिल्ह्याच्या गांवचा वकील, शेतीचे प्रयोग करणारा शेतकरी, आणि माझ्यासारखा सेवानिवृत्त मास्तर, यांच्यापाशीं ती चिठ्ठी नाहीं. कर मात्र आम्हीं सर्वांनींच भरलेला आहे.

म्हणून माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्रकाशकांनीं दार उघडलें म्हणजे आपण त्यांचे आभार मानावे. ते आभार खरेपणानें त्यांना पोंचतात. परंतु त्याच वेळीं विचारावें, ‘यजमान कोण?’ वाचकाचा भार काढून तो गरीब लेखकावर टाकला असेल, तर ती केवळ खांदेपालट झाली. अनेकांनीं मिळून, आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी भरून उघडलेलें दार हेंच खरें मुक्तद्वार. कारण तेथें वाचणाराला चिठ्ठी लागत नाहीं, आणि लिहिणाराला तिकीट पडत नाहीं.

आपणांपैकीं अनेकांच्या घरीं संशोधन करणारीं मुलेंमुली असतील. त्यांना एवढें सांगा, कीं लेख कोठेंहि छापा, पण प्रकाशकाची परवानगी असेल तेथें आपली शेवटची प्रत संस्थेच्या भांडारांत ठेवण्यास चुकूं नका. आणि आपणांला एखादा लेख हवा असून तो कुलुपांत सांपडला, तर लेखकाला चार ओळींचें पत्र लिहावयास संकोच करूं नका. विद्वान माणसाला आपलें लिखाण कोणी वाचतो, याहून दुसरा आनंद थोडा असतो.

शेवटीं माझ्या घरची हकीकत. तो लेख मला सगळा समजला असें नाहीं. पण अर्धा समजला, आणि त्या अर्ध्यावरून आमच्या डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न सांपडला. त्यांनीं तो लेख पाहिला, मान हालविली, आणि गोळी जेवणाच्या आधीं अर्धा तास देऊन डाळ-दूध रात्रीं घेण्यास सांगितलें. हें ऐकून कोणीं आपल्या मनानें औषधाची वेळ बदलूं नये; प्रत्येकाची प्रकृति निराळी असते, आणि तें डॉक्टरांचेंच काम आहे. माझ्या पत्नीचा आजार गेला नाहीं, आणि तो जाणाराहि नाहीं. परंतु तिच्या हरवलेल्या दुपारी तिला बऱ्याचशा परत मिळाल्या. आतां जेवण झाल्यावर ती खिडकीपाशीं बसून पूर्वींप्रमाणें देवाच्या वाती वळते.

त्या नऊ पानांची किंमत तीन हजार रुपये होती. मला तीं एका सज्जनाच्या कृपेनें मिळालीं. कोणालाहि तीं कृपेवांचून मिळावीं, एवढेंच माझें मागणें आहे.